लिहून झालंय

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लिखित रूप)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "एका इंग्रजी शब्दावर बोलेन." पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "एकाच?" म्हटलं, "एकाच. आणि तोही आता इंग्रज लोकसुद्धा फारसा वापरत नाहीत." तरी त्यांनी मला बोलावलं. त्यांचं धाडस तुमच्या पदरात आता पाऊण तास पडणार आहे.

शब्द आहे 'श्राइव्ह'. त्याचं नाम 'श्रिफ्ट', भूतकाळ 'श्रोव्ह', आणि ज्याच्यावर ही क्रिया झाली तो 'श्रिव्हन'. अर्थ असा: एखाद्याची पापाची कबुली ऐकून घेणं, त्याला प्रायश्चित्त सांगणं आणि त्याला मोकळं करणं. ऐकणं, सांगणं, सोडणं. आपल्याला तीन क्रियापदं लागतात तिथे जुन्या इंग्रजीचं एकात भागत होतं.

पण शब्दाकडे जाण्याआधी, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलोय त्या मास्तरांकडे जाऊ. नाहीतरी संध्याकाळ त्यांचीच आहे.

सातवीत असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. चांगली नव्हती, एवढंच आत्ता सांगतो. ती उघडकीला आली आणि मास्तरांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. मी सवयीनं हात पुढे केला. ते म्हणाले, "हात खाली घे. काय केलंस ते सांग." मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग माझीच वही ओढून शेवटच्या पानावर लिहिलं, 'वाचनालयातल्या वीस पुस्तकांना कव्हरे घालणे.' खाली तारीख. मी रोज तीन-चार पुस्तकं घेऊन बसायचो. विसावं झालं त्या दिवशी त्यांनी त्याच ओळीखाली लाल शाईनं 'झाले' असं लिहून पुन्हा तारीख घातली. महिनाभरानं वर्गात काहीतरी हरवलं आणि एका पोरानं माझ्याकडे बोट दाखवलं. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते. वळलेही नाहीत. म्हणाले, "त्याचं लिहून झालंय."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्यातच आहे. बाकी नुसता विस्तार.

पहिला मुद्दा: मुळाशी काय आहे?

माफी म्हटलं की आपल्या मनात पुसणं येतं, धुणं येतं. पाटी कोरी करणं, पापक्षालन, गंगेत बुडी. मग या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही पुसणंच असेल, नाही का? नाही. त्याच्या मुळाशी बरोबर उलटी क्रिया आहे. लिहिणं.

लॅटिनमध्ये 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणं. रोमन लोकांच्या लिखापढीबरोबर हा शब्द उत्तरेकडच्या जर्मानिक बोलींमध्ये शिरला. जर्मनमध्ये त्याचं 'श्रायबेन' झालं, आणि तिथे आजही अर्थ सरळ आहे: लिहिणं. इंग्रजीत मात्र गंमत झाली. इंग्रजांच्या घरी लिहिण्याचं काम करणारं क्रियापद आधीच होतं, आजचं 'राइट'. त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. आपल्या 'लिहिणं'च्या मागे जो संस्कृत 'लिख्' आहे, त्याचाही मूळ अर्थ ओरखडणंच. आणि मराठीतलं 'खरडणं' तर अजून दोन्ही घरांत नांदतं: आपण कढईही खरडतो आणि चार ओळीही खरडतो.

घरात एक काम करणारा माणूस असताना दुसरा आला तर त्याला वेगळं काम द्यावं लागतं. तसं या लॅटिन पाहुण्याला मिळालं. त्याच्या वाट्याला आलं नेमून देणं, ठरवून देणं, लिहून ठेवल्यासारखं पक्कं करणं. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हेच क्रियापद दैवासाठी आणि देवाच्या निवाड्यासाठी येतं. दैव 'श्राइव्ह' करतं. म्हणजे काय करतं? आपल्याकडे पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि सटवाई येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात ना, ते करतं.

नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड. त्याच्या कायद्याच्या अगदी सुरुवातीला दिलेल्या शब्दाबद्दल कलम आहे. शब्द देऊन तो मोडणाऱ्याला राजाच्या ठाण्यात 40 दिवस कैद, आणि तिथे बिशप जे 'श्राइव्ह' करील ते त्यानं सोसायचं. इथे अर्थ माफीचा आहे का? मुळीच नाही. इथे अर्थ शिक्षा नेमून देण्याचा आहे.

मग शिक्षा नेमून देणारा शब्द सुटकेचा कसा झाला? उत्तर मला पुष्कळ वर्षं सापडत नव्हतं; सापडलं तेव्हा ते फार साधं निघालं. शिक्षा सांगितली की तिला शेवट मिळतो. जी शिक्षा कोणी सांगतच नाही, तिला शेवटही नसतो. ती माणूस मनातल्या मनात भोगत बसतो, नाहीतर लोक त्याला जन्मभर भोगायला लावतात. 'वीस पुस्तकं' असं एकदा लिहिलं की एकविसाव्या पुस्तकापासून तुम्ही मोकळे.

जाता जाता एक. डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनमध्येही हाच 'स्क्रीबेरे' बसलेला आहे. हे नातं नुसत्या अक्षरांचं नाही, आणि तोच माझा दुसरा मुद्दा.

दुसरा मुद्दा: वही

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांत होई, बिशपपुढे, आणि आयुष्यात एकदाच. एकदाच! तेव्हा शहाणी माणसं काय करत असतील? म्हातारपणापर्यंत वाट बघत. सगळं एकदमच उरकून टाकू.

सहाव्या शतकात आयर्लंडच्या मठांमधून वेगळी रीत निघाली. कबुली खाजगी, एकाच माणसाच्या कानात, आणि लागेल तितक्यांदा. ऐकणाऱ्याला ते लोक 'आत्म्याचा मित्र' म्हणत. या मित्राच्या हाताशी एक वही असे. कोणत्या चुकीला कोणतं प्रायश्चित्त, किती दिवस उपास, किती दिवस नुसती भाकर आणि पाणी, याचं कोष्टक. फिनियन, कोलुंबानुस, कमीन ही त्या वह्यांवरची नावं. कोलुंबानुस स्वतःला वैद्याच्या जागी ठेवून बोलतो. शरीराचे वैद्य जसे वेगवेगळ्या रोगांवर वेगवेगळी औषधं घोटतात, तसं आत्म्याचंही. बडबड्याला मौन, खादाडाला उपास, झोपाळूला जागरण. प्रिस्क्रिप्शन आणि श्रिफ्ट एका आईची लेकरं, ती अशी.

ही रीत इंग्लंडला पोचली. आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा एक ग्रीकभाषक साधू, थिओडोर, साठी उलटल्यावर कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि 690 मध्ये वारला. त्याच्या निवाड्यांची शिष्यांनी वही केली. तीत एक नोंद अशी: जो राजाच्या युद्धात माणूस मारील त्याला 40 दिवसांचं प्रायश्चित्त. बघा हं, युद्ध न्याय्य की अन्याय्य, हा वाद नाही. हुकमावरून मारलंस? ठीक. पण मारलंस ना? मग 40 दिवस.

याहून अंगावर येणारं उदाहरण 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतरचं. नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. जिंकलेल्या सैन्याचं काय होतं? मिरवणूक निघते, इनामं वाटली जातात. ती वाटली गेलीच. पण त्याच सैन्याला त्याच्याच बिशपांनी काही वर्षांत हिशेब लावून दिला. जितकी माणसं मारली तितकी वर्षं प्रायश्चित्त. नुसता घाव घातला आणि तो मेला की वाचला ते ठाऊक नाही, तर माणशी 40 दिवस. कितीजणांना मारलं याची मोजदादच नाही, तर उरलेल्या जन्मभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधून दे. आणि तिरंदाजांचं काय? बाण सोडणाऱ्याला कळतच नाही कोणाला लागला. त्यांना तीन 'लेंट'चं प्रायश्चित्त. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस.

जेत्यांना विजयाचं बिल पाठवणारा दुसरा समाज मला चटकन आठवत नाही.

आपल्याला या वह्या परक्या वाटायचं कारण नाही. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडा. चांद्रायण: पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक कमी, अमावास्येला निरंक, पुन्हा रोज एक वाढवायचा. चंद्राच्या कलेनं जेवण. कृच्छ्र बारा दिवसांचं, त्याचीही तीन-तीन दिवसांची मोजणी. आणि दोन्हीकडे पळवाटही तीच. कृच्छ्र झेपत नसेल तर गाय दान द्या. भाकर-पाणी झेपत नसेल तर इतकी स्तोत्रं म्हणा, नाहीतर इतका दानधर्म करा. पैसेवाल्यांची सोय कुठल्याही धर्मात आधी होते. युरोपात या सोयीचा पुढे बाजार झाला, पापमुक्तीचे कागद विकले जाऊ लागले, आणि 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरनं त्याविरुद्ध आपले 95 मुद्दे मांडले. म्हणजे माफी लिहिण्यापासून सुरू झाली आणि छापील पावतीपर्यंत घसरली. लिहिण्याचा हा धोका मी लपवणार नाही.

तिसरा मुद्दा: दिवस

1215 मध्ये रोमच्या लॅटरन परिषदेनं नियम केला: जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषानं वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूकडे कबुली द्यावी. हा अर्धा नियम सगळे सांगतात. उरलेला अर्धा मला जास्त मोलाचा वाटतो. ऐकलेलं पाप जो गुरू कुठल्याही खुणेनं बाहेर फोडील, त्याला पदावरून काढून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्ताला बसवावं.

इथे क्षणभर थांबू. आपण म्हटलं, या शब्दाच्या मुळाशी लिहिणं आहे. पण काय लिहिणं? वहीत पापांची यादी आहे, पण ती सगळ्यांसाठी आहे. तुमचं पाप, तुमच्या नावानिशी, कुठेही लिहायचं नाही. ते एका कानात जायचं आणि तिथेच मिटायचं. नेमून द्यायचं ते प्रायश्चित्त. चूक बोलायची, उपाय लिहायचा. हा भेद लक्षात असू द्या.

वर्षातून एकदा, तर कधी? सगळा गाव लेंट सुरू होण्याआधी येई. त्या आदल्या मंगळवारचं नाव म्हणून 'श्रोव्ह ट्यूसडे'. सकाळी चर्चची घंटा होई, या, कबुली द्या. दुसऱ्या दिवसापासून उपास. मग घरातली अंडी, लोणी, चरबी यांचं काय करायचं? पॅनकेक! त्यामुळे हळूहळू त्या घंटेचं नावच 'पॅनकेक घंटा' पडलं. पापाची आठवण करून देणारी घंटा तवा तापवण्याची घंटा झाली. बकिंगहॅमशायरमधल्या ओल्नी गावात त्या दिवशी बायका तव्यात पॅनकेक उडवत धावण्याची शर्यत लावतात. परंपरा तिचं वर्ष 1445 सांगते. डर्बीशायरमधल्या अ‍ॅशबर्नमध्ये गावाचे दोन तट पडतात, ओढ्याच्या वरचे आणि खालचे, आणि तीन मैल अंतरावरच्या दोन गोलांमध्ये अख्खा गाव फुटबॉल खेळतो.

हसू नका. श्रावणाच्या आदल्या अमावास्येला आपल्याकडे काय चालतं ते मी या व्यासपीठावरून सांगायला नको. (हशा.) आणि गोव्याचा कार्निव्हल? तो याच दिवसांत येतो. शनिवारी सुरू होऊन नेमका या मंगळवारी संपतो. त्याचं गावातलं जुनं नाव 'इंत्रुज', पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून. अर्थ प्रवेश, म्हणजे लेंटचा उंबरठा. इंग्रजानं त्या दिवसाला कबुलीचं नाव दिलं, पोर्तुगीजानं उंबरठ्याचं. लोकांनी दोन्हीकडे खाऊन-पिऊन घेतलं.

चौथा मुद्दा: शब्द बेघर होतो

सोळाव्या शतकात इंग्लंड रोमपासून तुटलं. आठव्या हेन्रीनं 1539 च्या कायद्यात खाजगी कबुली राखली होती. तो जाताच 1547 मध्ये तो कायदा गेला. मग खाजगी कबुली ऐच्छिक झाली आणि सगळ्यांनी एकत्र म्हणायची एक सामायिक कबुली आली. 'आम्ही चुकलो' हे म्हणणं सोपं असतं. 'मी काय केलं' हे सांगणं अवघड. 1585 चा कायदा तर असा आला की परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू इंग्लंडमध्ये नुसता सापडला तरी तो राजद्रोह.

आणि नेमक्या याच काळात एक माणूस लंडनच्या रंगमंचावर हा शब्द पुन्हा पुन्हा आणतो. शेक्सपिअर. ज्युलिएट घरून परवानगी कशाची घेते? श्रिफ्टला जायची. जाते आणि लग्न करून येते. हॅम्लेटच्या बापाच्या भुताचं गाऱ्हाणं नुसतं खुनाचं नाही. मला कबुलीची सवड न देता मारलं, हे त्याचं खरं दुःख. पुढे हॅम्लेट स्वतः काय करतो? आपल्या मरणाचं फर्मान घेऊन निघालेल्या दोन जुन्या मित्रांची पिशवी फोडतो आणि नवं पत्र लिहितो: ही पत्रं आणणाऱ्यांना ताबडतोब मारा, कबुलीचाही वेळ देऊ नका. जे बापाच्या वाट्याला आल्याबद्दल तो रडतो, तेच तो दुसऱ्यांसाठी लिहून देतो. आणि 'तिसरा रिचर्ड'मध्ये मृत्युदंड झालेल्या हेस्टिंग्ज नावाच्या सरदाराला सांगतात, तुझी श्रिफ्ट आटोपती घे, मालक जेवायला खोळंबलेत. तिथून आला 'शॉर्ट श्रिफ्ट' हा शब्दप्रयोग. आज इंग्रजी वर्तमानपत्रात मूळ शब्द भेटतो तो जवळजवळ इथेच. अर्थ? एखाद्याचं म्हणणं धड न ऐकता वाटेला लावणं. आपण म्हणतो, वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पूर्ण ऐकून घेण्याचा जो शब्द, तो शेवटी उरला न ऐकण्याच्या अर्थानं. शब्दांनाही भोग चुकत नाहीत.

याच इंग्लंडमधून एक तरुण बाहेर पडला होता. विल्टशायरचा. रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 1579 मध्ये गोव्याला उतरला. फादर थॉमस स्टीफन्स. होय, आपले 'ख्रिस्तपुराण'वाले. ग्रंथ 1616 मध्ये छापला गेला. जो संस्कार त्याच्या मायदेशात गुन्ह्याच्या सावलीत गेला होता, तो त्यानं साष्टीच्या खेड्यांत चाळीस वर्षं उघडपणे चालवला. पण कोणत्या शब्दानं? त्याच्या जन्मभाषेतलं 'श्राइव्ह' इथे कोणाला कळणार? गोव्याच्या लोकांनी पोर्तुगीज 'कोन्फेसार' आपल्या जिभेवर घोळवून 'कुमसार' केलं. कोकणीत कबुलीला अजून कुमसारच म्हणतात. आणि 'क्षमा कर' याला त्यांच्या प्रार्थनेत 'भोगस'. मराठी कानाला त्यात 'भोग' ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

या शब्दाचा एक धागा पुण्यातही येऊन अडकलाय. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या काही मंडळींनी इंग्लंडच्या चर्चमध्ये खाजगी कबुली पुन्हा सुरू केली. केवढा गदारोळ! 1877 मध्ये धर्मगुरूंच्या एका कबुली-मार्गदर्शिकेवरून लॉर्ड्सच्या सभागृहात वादळ झालं. त्याच प्रवाहातून निघालेल्या काउली फादरांचं मिशन पुण्यात होतं. कुठे? पंचहौदात. हो, तेच! 1890 मध्ये तिथे पुण्याच्या प्रतिष्ठितांनी चहा-बिस्किटं घेतली, नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्कार-प्रायश्चित्ताचं प्रकरण, उभं राहिलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्यात घेतलं. ज्या साधूंच्या पंथानं इंग्रजांना कबुली पुन्हा शिकवली, त्यांच्याच अंगणातल्या चहानं पुणेकरांना प्रायश्चित्त लागलं. इतिहासालाही विनोदबुद्धी असते.

पण या विनोदात एक टोचणी आहे. रानड्यांचं प्रायश्चित्त आपल्याला आजही का खुपतं? कारण त्यात मोजमाप होतं, शेवट होता, पण पाप नव्हतं. ज्याला आपण चुकलो असं वाटतच नाही, त्याला नेमून दिलेलं प्रायश्चित्त हा नुसता दंड असतो. आणि कबुली कानात नव्हती, छापखान्यात होती. वही त्याच कामाची, पण ऐकणारा मित्र हवा. ऐकणारा जमाव झाला की श्रिफ्टचं ग्रामण्य होतं.

पाचवा मुद्दा, आणि शेवटचा: आता काय उरलं?

'श्राइव्ह'ला एक सवत होती, तिचंही नाव घेतो. 'असॉइल'. हीही जुनी, हीही माफ करण्याचीच. लॅटिन 'आब्सोल्वेरे'पासून, फ्रेंचमार्गे आलेली. इंग्लंडमध्ये ती गेली, पण स्कॉटलंडच्या न्यायालयात अजून जिवंत आहे. दाव्यात प्रतिवादीला सोडून दिलं की न्यायाधीश 'असॉइली' केलं म्हणतात. लिहिताना त्यात 'झेड' आहे, पण त्याचा उच्चार करायचा नाही. जुन्या लिपीतलं एक अक्षर छापखान्याच्या खिळ्यांत नव्हतं, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा 'झेड' बसवला. माफीच्या शब्दातच एक चूक आहे, आणि ती सगळ्यांनी माफ केली आहे.

या शब्दाच्या पोटात 'सोल्वेरे' आहे. लॅटिनमध्ये त्याचे दोन अर्थ: गाठ सोडणं आणि देणं चुकतं करणं. दोन वेगळ्या गोष्टी वाटतात ना? इंग्रज विद्यार्थ्याला हे समजावून सांगावं लागतं. तुम्हाला नाही. कारण आपल्याकडे 'फेडणं' आहे. आपण नेसूचं फेडतो आणि कर्जही फेडतो. नवस फेडतो, पांग फेडतो. आणि पाप? पापही फेडावंच लागतं. आजी चिडली की म्हणायची, "कुठं फेडशील ही पापं!"

आता सगळं एकदा गोळा करू. आपण पाहिलं की या शब्दाच्या मुळाशी लिहिणं आहे, पुसणं नाही. पाहिलं की त्या लिहिण्यानं शिक्षेला माप आणि शेवट दिला. पाहिलं की चूक कानात ठेवायची आणि उपाय लिहायचा, असा त्याचा कारभार होता. हेही पाहिलं की वहीचा बाजार होतो आणि मित्राचा जमाव होतो.

मग आज आपण काय करतो? मला वाटतं, आपण तो कारभार बरोबर उलटा केला आहे. एखाद्याची चूक आपण लिहितो, तिचा फोटो काढतो, दहा गटांत पाठवतो, ती कायमची साठून राहते. कोणी चौदाव्या वर्षी काही बरळलं, ते चाळिसाव्या वर्षी पुन्हा वर येतं. पण उपाय? तो कोणीच लिहीत नाही. त्यानं काय केलं म्हणजे झालं, हे कोणी सांगत नाही. तो माफी मागतो, आपण म्हणतो पुरेशी नाही. किती म्हणजे पुरेशी? ते वहीत नाही, कारण वहीच नाही. किंवा याच्या नेमकं उलट: ज्याच्या हाती सत्ता आहे तो 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' म्हणून मोकळा होतो, आणि त्याला कोणी चाळीस दिवसही सांगत नाही. एकाला शेवट नसलेली शिक्षा, दुसऱ्याला शिक्षा नसलेला शेवट.

मला आयरिश मठ परत नकोत. भाकर-पाण्याची कोष्टकं नकोत, ग्रामण्य तर नकोच नको. पण आजीचं वाक्य मी आता वेगळ्या कानानं ऐकतो. तिनं 'कसं फेडशील' विचारलं नाही, 'कधी' विचारलं नाही. 'कुठं' विचारलं. आपण त्याला शाप समजलो. मला तो आता साधा प्रश्न वाटतो. पाप फेडायला जागा लागते. एक ऐकणारा माणूस लागतो, तो नेमून देईल असं करता येण्याजोगं काम लागतं, आणि काम झालं की 'झाले' म्हणणारं कोणीतरी लागतं. घरात अशी जागा आहे का? शाळेत? कचेरीत? मुलगा चुकून घरी आला, तर तो कुठं फेडील?

मला ती जागा मिळाली होती. शाळा सुटल्यावरचा एक रिकामा वर्ग. ती वही अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी माळा आवरताना मुलीच्या हाती लागली. शेवटचं पान उघडून तिनं विचारलं, "बाबा, ही वीस पुस्तकांची काय भानगड?" मी पान पाहिलं. निळ्या शाईतली एक ओळ, खाली लाल शाईत 'झाले', आणि दोन तारखा. मी काय केलं होतं, ते त्या पानावर कुठेच नव्हतं. मास्तरांनी ते लिहिलंच नव्हतं.

तेव्हा श्रोतेहो, सुरुवातीला मी म्हणालो होतो की माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि तुमच्यापैकी काहीजण मनात वाट बघत बसले असतील. मी मुलीलाही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.